सरकी सुटली, माणूस अडकला

ऊसतोडणी यंत्राच्या अनुदानाची बातमी आली की आमच्या आष्टी-परतूर-मंठा भागात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता यंत्र आले, कोयता सुटणार!" पुढारी भाषणात म्हणतात, कृषी प्रदर्शनातला विक्रेता म्हणतो, आणि माझ्यासारखे शिकून शहरात गेलेले इंजिनिअर तर सर्वांच्या आधी म्हणतात. मी सॉफ्टवेअर लिहितो. यंत्राविषयी मला आकस असण्याचे कारण नाही, माझे पोट त्यावरच चालते. पण या वाक्यात भाबडेपणा आहे, आणि काहींच्या तोंडी तो भाबडेपणा नसून सोय आहे. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे सरळ आहे. यंत्र कष्ट कमी करते, पण कष्टकऱ्याला मोकळे करत नाही. त्याला मोकळे करायला कायदा लागतो, संघटना लागते आणि यंत्राच्या मालकीत वाटा लागतो. हे तीनही नसतील तर नवे यंत्र जुनी बेडी आणखी घट्ट करते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या रानात उभ्या असलेल्या कापसाचाच इतिहास वाचावा.

पन्नास पट वेग, साडेपाच पट गुलाम

कापूस वेचून घरी आणला तरी तो विकण्याजोगा धागा होत नाही. आधी त्यातली सरकी काढावी लागते. आपल्याकडे शतकानुशतके दोन लाटांमधून कापूस दाबून सरकी वेगळी करायची हातचरकी होती. त्यामुळे "सरकी काढायचे यंत्र अमेरिकेने शोधले" हे शाळेतले वाक्य अर्धवट आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत जो आखूड धाग्याचा कापूस येत असे त्याची सरकी धाग्याला चिकटून बसे. लाटांच्या चरकीला ती नीट दाद देत नसे, आणि हाताने सोलायला बसले तर दिवसाकाठी जेमतेम एक पौंड, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, एवढी रुई निघे.

१७९३ साली एली व्हिटनी या तरुणाने दातेरी रूळ बसवलेले यंत्र बनवले. दाते जाळीतून धागा ओढून घेत, सरकी अलीकडेच राही, आणि मागचा ब्रश दाते साफ करी. हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रावर एक माणूस दिवसाला पन्नास पौंड रुई काढू लागला. १७९४ च्या मार्चमध्ये त्याला पेटंट मिळाले.

आता कोणत्याही शहाण्या इंजिनिअरला विचारा : एक काम पन्नास पट सोपे झाले, तर माणसे कमी लागतील की जास्त? तो म्हणेल, कमी. त्या काळीही अनेकांना वाटत होते की गुलामगिरी आपोआप मावळेल. तंबाखूने जमिनी थकल्या होत्या, उत्तरेतली राज्ये एकामागून एक गुलामगिरी बंद करण्याचे कायदे करत होती. प्रत्यक्षात काय झाले? १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० च्या जनगणनेत ते साडेएकोणचाळीस लाख झाले. कापसाचे उत्पादन काही हजार गाठींवरून चाळीस लाख गाठींच्या आसपास गेले.

असे का झाले हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज ज्याला बॉटलनेक म्हणतो तोच हा प्रकार. एखाद्या कामाच्या साखळीत एक जागा अडकलेली असते. ती मोकळी केली की अडथळा संपत नाही, तो पुढच्या जागी जाऊन बसतो. व्हिटनीच्या आधी अडचण सरकीपाशी होती. यंत्राने ती सोडवली. मग अडचण लागवडीला, खुरपणीला आणि वेचणीला गेली. वेचणीला यंत्र नव्हते, तिथे फक्त माणसाची बोटे होती. आणि त्या देशाचा कायदा सांगत होता की ती बोटे बाजारात विकत मिळतात.

१८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी आली. तरी मळेवाल्यांचे काही अडले नाही, देशातल्या देशातच बाजार उभा राहिला. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाच्या नव्या कापूस मुलखात सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, लेकरे तिसऱ्याच मळ्यावर. ज्या जमिनीवर हा कापूस लावला ती मूळ रहिवासी जमातींची होती. १८३० साली त्यांना हुसकावण्यासाठी वेगळा कायदाच करण्यात आला.

उत्तरेकडचे लोक यात स्वच्छ राहिले असे समजू नका. १७९० साली सॅम्युअल स्लेटरने पॉटकेट गावी पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालवली. पुढे लॉवेलला मोठमोठ्या गिरण्या झाल्या, तिथे शेतकऱ्यांच्या मुली मजुरीने काम करू लागल्या. त्या गिरण्यांत दक्षिणेचा कापूस कातला जात होता. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या तर गुलामांच्या अंगावर घालायचे जाडेभरडे कापड विणून दक्षिणेला विकत होत्या. गुलामाने वेचलेला कापूस उत्तरेत जायचा आणि दुसऱ्या गुलामाचा सदरा होऊन परत यायचा. मधला नफा "मुक्त" उत्तरेचा!

याच काळातले दुसरे यंत्र पाहा. १८३१ साली सायरस मॅककॉर्मिकने घोड्याने ओढायचे कापणी यंत्र चालवून दाखवले, १८३४ साली त्याचे पेटंट घेतले. ते पुढे मध्य-पश्चिमेच्या गव्हाच्या शेतात पसरले. तिथे बहुतेक ठिकाणी जमीन कसणाऱ्या कुटुंबाची होती आणि मजूर विकत घेता येत नव्हता. तिथे यंत्राने खरोखर माणसाचे कष्ट वाचवले. यादवी युद्धात उत्तरेची लाखो माणसे सैन्यात गेली तरी गव्हाची सुगी अडली नाही, त्यात या यंत्राचा वाटा होता. एकच देश, एकच अर्धशतक. एका यंत्राने शेतकऱ्याला हात दिला, दुसऱ्याने चाळीस लाख माणसांच्या गळ्यातला दोर आवळला. फरक लोखंडात नव्हता. जमीन कोणाची आणि मजुराला 'नाही' म्हणता येते की नाही, फरक तिथे होता.

आणि वेचणीचे यंत्र? ते बाजारात येण्याजोगे झाले १९४० च्या दशकात, म्हणजे व्हिटनीनंतर दीडशे वर्षांनी. तोवर कायद्याने गुलामगिरी संपून ऐंशी वर्षे झाली होती आणि गुलामांची नातवंडे-पतवंडे मालकाच्या जमिनीवर बटईने, कर्जात बुडून, तोच कापूस वेचत होती. यंत्र आले तेव्हा त्यांना "मोकळे" करण्यात आले, म्हणजे हाकलण्यात आले. लाखो कुटुंबे शिकागो, डेट्रॉइटकडे गेली. ना जमीन मिळाली, ना भरपाई. ज्यांना वाटते यंत्र आले की न्याय येतो, त्यांनी या दीडशे वर्षांचा हिशोब द्यावा.

तोच धागा आपल्या रानात

हा इतिहास परका नाही. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा कापूस मळेवाले पगारावर आणून हिंदुस्थानात पाठवले. अमेरिकी बियाणे आणि अमेरिकी जिन इथे रुजवायचे होते. धारवाड भागात त्यांचे थोडेफार जमले. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरे बंद पडली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि इंग्रजांची नजर खानदेश-वऱ्हाडावर स्थिरावली. वऱ्हाड त्यांनी १८५३ सालीच निजामाकडून ताब्यात घेतला होता. आपल्या जालन्याच्या सीमेवर, देऊळगाव राजा-लोणारच्या पलीकडे, कापसाचा मुलूख उभा राहू लागला. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा नेला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढी घाई कोणासाठी होती? वऱ्हाडी कुणब्यासाठी खचितच नव्हती.

१८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत प्रेमचंद रायचंदसारखे मातब्बर बुडाले. दख्खनच्या शेतकऱ्यापाशी तेजीच्या काळात वाढलेले कर्ज आणि नंतर वाढलेला शेतसारा उरला. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून सावकारांची कर्जखते जाळणारा उठाव पेटला, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

मग वाफेवरची जिनिंग-प्रेसिंग आली. यंत्राची शक्ती माणसाच्या दंडापेक्षा कितीतरी मोठी, तेव्हा मजुराला आराम मिळायला हवा होता. खानदेशच्या जिनिंगमध्ये बायका हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत असल्याचे त्या काळच्या सरकारी चौकशांतच नोंदले गेले आहे. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला, पण तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. जिनिंगचा हंगाम त्याहून लहान दाखवला की झाले, कायदा दाराबाहेर! 'हंगामी' हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

पिंजाऱ्यांचे काय झाले ते आपल्या समाजाने तरी विसरू नये. गावोगावी धनुकली घेऊन कापूस पिंजणारे, गाद्या-रजया भरणारे पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी यांचा धंदा यंत्राने खाल्ला. विणकर मोमीन-अन्सारींचेही तसेच. १८५७ नंतर उत्तरेतून उठून आलेले विणकर मालेगाव, भिवंडी, धुळ्यात वसले, हातमागावर जगले, आणि १९३० च्या दशकापासून यंत्रमागावर गेले. कारागीर होते ते मजूर झाले. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा तिच्या मुळाशी हाच इतिहास होता : आपल्यातल्या बहुसंख्यांची ओळख त्यांच्या कसबाची होती, कसब यंत्राने नेले आणि नोंद मात्र कुठेच राहिली नाही.

या सगळ्याचे मर्म महात्मा फुल्यांनी तेव्हाच ओळखले होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. यंत्रे शोधणाऱ्यांना केले नाही, हे ध्यानात घ्या. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. गिरणीतले वाफेचे इंजिन त्याआधी कितीतरी वर्षे चालू होते, त्याने कोणालाही सुटी दिली नव्हती.

उचल म्हणजे काय?

आता आजच्या कोयत्याकडे येऊ. दसरा झाला की आमच्या परतूर, मंठा, घनसावंगी तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून आणि शेजारच्या बीडमधून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसांचा हिशोब एका अवजाराच्या नावाने होतो यातच सारे आले. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांतून उचल फिटते, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षी. मध्येच निघून जायची सोय नाही. आजारी पडले तर खाडा, खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून अवयव काढून टाकायची वेळ ज्या व्यवस्थेत येते, तिला दुसरे कोणते नाव द्यायचे?

नाव कायद्यातच आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा सांगतो की आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला काम सोडण्याचे, दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल तर ती वेठबिगारी. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे हेसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी ठरते. कायदा आहे, निकाल आहे. पण ऊसतोड 'हंगामी', मजूर मुकादमाचा, मुकादम वाहतूकदाराचा, आणि कारखाना म्हणतो आमचा संबंध नाही. १८८१ चीच पळवाट, नव्या कपड्यांत.

आणि या सगळ्यावर उतारा म्हणून यंत्र! एका ऊसतोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात. सरकारी योजनेत ४० टक्के किंवा ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान. उरलेले पैसे कोण उभे करणार? कोयत्यावरचा मजूर? यंत्र घेणार तो मोठा बागायतदार, ठेकेदार किंवा कारखान्याच्या जवळचा माणूस, म्हणजे जनतेच्या पैशातून ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच. शिवाय या यंत्राला रुंद सरी, मोठे सलग वावर आणि कोरडी जमीन लागते. मग लहान तुकडे, ओले रान आणि आडवा पडलेला ऊस कोणाच्या वाट्याला येणार? कोयत्याच्याच. सोपा ऊस यंत्राला, अवघड ऊस माणसाला. मजूर वाढीव दर मागू लागला की त्याच्यासमोर यंत्र उभे करायचे : "घे नाहीतर जा." बॉटलनेक पुन्हा सरकला, आणि पुन्हा सर्वात गरिबाच्या अंगावर.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती यंत्राने दिली का? संघटनांनी कोयता बंदचा इशारा दिला तेव्हा झाली.

कापसातही वेगळे काही नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्या कंपनीचे मूळ गाव आपले जालना. सुरुवातीला बोंडअळीची फवारणी कमी झाली हे खरे. पण ४५० ग्रॅमची पिशवी १६०० रुपयांच्या आसपास जात होती, आणि त्यात मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या मालकाचा होता. व्हिटनी आणि त्याच्या भागीदाराचाही बेत हाच होता : यंत्र विकायचे नाही, शेतकऱ्याच्या कापसातला मोठा वाटा घ्यायचा. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पचवून उभी राहिली, फवारणी परत आली, पिशवी मात्र दरवर्षी विकतच घ्यावी लागते. वेचणी आजही आमच्या आया-बहिणींच्या बोटांनीच होते, किलोच्या भावाने, वाकून.

मग यंत्र नको का?

हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर आधीच देतो. यंत्र हवे. उसाच्या पाचटात हातपाय कापून घेत कोणाच्याही मुलीने आयुष्य काढू नये. पण यंत्र कोणाच्या अटीवर यायचे, हे यंत्र विकणाऱ्याने ठरवायचे नाही. आमच्या मागण्या चार आहेत.

एक : अनुदान द्यायचेच तर ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थांना आणि महिला बचत गटांना आधी द्या. ज्याचा कोयता जाणार, त्याच्याकडे यंत्राची मालकी यावी. चालवायचे प्रशिक्षण त्याच्याच मुला-मुलींना द्या.

दोन : ज्या कारखान्याच्या हद्दीत यंत्र येईल, तिथल्या मजुरांचे काम किती बुडाले याची नोंद ठेवणे सक्तीचे करा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ काढले आहे. त्याच्याकडून प्रत्येक मजुराला ओळखपत्र आणि विमा मिळालाच पाहिजे, केवळ फलक नको.

तीन : उचलीचा व्यवहार लेखी व्हावा, नवरा आणि बायको दोघांच्या वेगवेगळ्या नावाने, कारखान्याच्या सहीने. त्यात काम सोडण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा. नसेल तर तहसीलदारांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी १९७६ चा कायदा वापरावा. तो संग्रहात ठेवण्यासाठी केलेला नाही.

चार : आष्टीसह प्रत्येक गावच्या ग्रामसभेने दसऱ्याआधी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करावी, आणि त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह गावातच सुरू आहे की नाही हे पाहावे. या कामाला कोणत्याही यंत्राची गरज नाही. रजिस्टर आणि पेन पुरते.

थोडे घरातलेही

शेवटी आपल्या समाजातल्या शिकलेल्यांशी दोन शब्द. सध्या आपल्या प्रत्येक शैक्षणिक मेळाव्यात एकच मंत्र आहे : मुलांना कोडिंग शिकवा, एआय शिकवा, सगळे प्रश्न सुटतील. शिकवाच. पण ज्या मुलाला कोड लिहिता येतो आणि आपल्या शेजारच्या पिंजाऱ्याचा धंदा कसा गेला हे ठाऊक नाही, तो उद्या दुसऱ्या कोणाचा धंदा बुडवणारे यंत्र बनवील आणि त्याला प्रगती म्हणेल. मोबाइलवर ऑर्डर पोचवणाऱ्या पोरांचा मुकादम आज एक ॲप आहे. ते कोणीतरी माझ्यासारख्यानेच लिहिलेले आहे.

आणि मालेगाव-भिवंडीच्या मागांवर मालकही आपला आणि बारा-बारा तास उभा राहणारा मजूरही आपला असतो, तेव्हा गप्प बसायची आपली सवय मोडली पाहिजे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकतो. उचल हा त्या शिकवणीचा मान नव्हे, विपर्यास आहे : घाम येण्याआधी पैसे द्यायचे, म्हणजे घामावर मालकी सांगता येते. गुलामाला मुक्त करणे हे आपल्याकडे मोठे पुण्य मानले आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर याच मुलखात राज्याचा कारभारी झाला आणि त्याने खडकी, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान खरा असेल तर या दसऱ्याला आपल्या गावातून किती कोयते निघाले, किती उचलीवर निघाले आणि त्यांतली किती लेकरे शाळा सोडून गेली, हे आपल्याला तोंडपाठ असायला हवे. ज्या गावात ही यादी तयार असेल, तिथे यंत्र आले तरी त्याला अटी घालता येतील. जिथे यादीच नसेल, तिथे पुढच्या हंगामातही मुकादमाच्या वहीतच आपली नावे असतील.